कलशातली अझेलिया

इंग्लंडमधल्या स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या एका कारखान्यात बबनराव रामटेक्यांनी उभी हयात यंत्रं दुरुस्त करण्यात घालवली, आणि त्या काळात ते ना फोरमनला घाबरले ना मालकाला. भीती त्यांना एकाच गोष्टीची वाटायची. एखाद्या दिवशी कांताबाई कमरेवर हात ठेवून म्हणतील, ‘ही झाडं आधी उपटा.’ आणि कांताबाईंनी म्हटलं की ते करावंच लागतं, हे लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातच त्यांना कळून चुकलं होतं.

झाडं म्हणजे अझेलिया. मागच्या अंगणात कुंपणाच्या सावलीत ओळीनं कुंड्या मांडलेल्या. बारमाही हिरव्या जातीची झाडं ती. बर्फ पडला तरी पानं टाकत नाहीत, आणि मे महिना आला की गुलाबी, पांढऱ्या, लालभडक फुलांनी अशी भरतात की पान दिसायचं नाही. त्यांचे लाड काय सांगावेत! स्लाऊच्या नळाच्या पाण्यात चुना फार. किटलीच्या तळाशी पांढरा थर धरतो, तो माणसांना चालतो, या महाराण्यांना चालत नाही, लगेच पानं पिवळी. म्हणून शेडच्या पन्हाळीखाली बबनरावांनी पिंप लावलं होतं आणि अझेलियाला फक्त पावसाचं पाणी. माती दुकानातून आणलेली, खास आंबट. मुळं अगदी वरवर पसरतात म्हणून खुरपं लावायचं नाही, वरून पाइनच्या सालीचं पांघरूण घालायचं. फुलं सुकली की एकेक बोटांनी खुडायचं आणि छाटणी करायची ती तेव्हाच, कारण पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात. उशिरा कात्री लावली की वर्षभर हात चोळत बसा.

“माझं पित्ताशय काढलं तेव्हा एवढी धावपळ केली नाहीत,” कांताबाई म्हणायच्या. पण म्हणताना त्याही फुलांकडे बघत असायच्या, त्यामुळे बबनरावांनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही.

आता उपटायची भीती का? तर तिला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या डोरीनबाईंनी कुंपणावरून झाडांची तोंडभरून स्तुती केली आणि जाता जाता सांगितलं, की सांभाळा हं, पान म्हणा, फूल म्हणा, सगळं विषारी असतं. त्यांच्या बहिणीच्या वेल्समधल्या शेतावर एक बकरी हीच पानं खाऊन मेली होती. बबनरावांनी मान डोलावली, थँक यू म्हटलं आणि घरात येऊन अवाक्षर काढलं नाही. घरात बकरी कुठे होती? आणि मग मुलाच्या, राकेशच्या, बायकोला, धम्मशीलेला, दिवस गेले. तेव्हा तर त्यांनी तोंडाला कुलूपच लावलं. नातवंड रांगायला लागेपर्यंत बघू, कुंड्या उंचावर ठेवू, काहीतरी करू. असं म्हणत म्हणत सातवा महिना लागला.

या बाळाच्या नावानं सगळं घरच जपून पावलं टाकत होतं. धम्मशीलेचं याआधी दोनदा गेलं होतं. दुसऱ्या खेपेला तर पाळण्याचं लाकूडसुद्धा आणून झालं होतं. त्यानंतर राकेशनं ते शेडमध्ये नेऊन ठेवलं आणि कुणी त्याचं नाव काढलं नाही. यंदा फोन वाजला तरी कांताबाई हातातलं काम टाकून धावायच्या. म्हणून त्यांनी ठरवलं, रविवारी घरी रक्षणासाठीचा परित्राण पाठ ठेवायचा. बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून अंगुलिमाल सुत्त म्हणतात, ते म्हणायचं. दहा-बारा माणसं बोलवायची, सगळ्यांच्या हातातून पांढरं सूत फिरवायचं, कलशातलं पाणी पाठ संपल्यावर सगळ्यांना द्यायचं.

बबनरावांना पाठ आवडायचा, पाण्याचं मात्र त्यांना पटत नसे. बाबासाहेबांनी बुद्धी वापरायला सांगितली, पाणी प्यायला नाही, असं ते राकेशला हळूच म्हणत. कांताबाईंसमोर म्हणत नसत. ओंजळीत घेतलेलं पाणी ते शांतपणे एखाद्या कुंडीत सोडून द्यायचे.

शनिवारी संध्याकाळी कांताबाई मागच्या दारात आल्या.

“अहो, चार चांगल्या डहाळ्या द्या बरं. पानं कोवळी बघा, फुलंही असू द्या.”

बबनरावांची छाती दोन इंच फुगली. बुद्धमूर्तीसमोर आपली अझेलिया! त्यांनी उत्तमातल्या उत्तम डहाळ्या निवडल्या, स्वतःच्या हातानं कापल्या आणि आत नेऊन दिल्या. मग ते बातम्या बघत बसले. स्वयंपाकघरात किटली वाजली ती त्यांनी ऐकली. चहा येईल म्हणून वाट पाहिली, पण चहा काही आला नाही.

रविवारी दिवाणखाना भरला. पाठ सांगायला राजश्रीताई होत्या. हॉस्पिटलात नर्स म्हणून नोकरी, आवाज असा खणखणीत की शेवटच्या माणसाची डुलकी उडावी. मध्ये तांब्याचा कलश, त्यावर झाकण, झाकणाखालून निघालेलं पांढरं सूत. धम्मशीला पांढरी साडी नेसून उशीला टेकून बसली होती, एक हात पोटावर. तिच्या चेहऱ्यावर अनेक महिन्यांनी थोडी स्वस्थता दिसत होती. मूर्तीसमोर फुलदाणी होती. तिच्यात दुकानातली पांढरी शेवंती होती. बबनरावांच्या ते लक्षात आलं आणि त्यांना जरा वाईट वाटलं. आपल्या फुलांना कुठे कोपऱ्यात ठेवलं, असं म्हणून ते इकडेतिकडे बघत राहिले.

पाठ संपला. कांताबाईंनी झाकण काढलं आणि पळीनं पाणी द्यायला सुरुवात केली. पहिली ओंजळ धम्मशीलेची. मग राकेश, मग राजश्रीताई, मग सगळे. कुणी डोळे मिटून प्यायलं, कुणी ओला हात डोक्यावरून फिरवला. बबनराव शेवटी, दाराजवळ. त्यांनी ओंजळ केली, आणि पाण्यासोबत तिच्यात एक गुलाबी पाकळी आली.

त्यांना ती पाकळी ओळखायला डोळ्यांचीही गरज नव्हती. त्यांनी उठून कलशात पाहिलं. तळाशी त्यांच्या डहाळ्या होत्या. पानं शिजून काळपट झालेली, आणि ओंजळीतलं पाणी फिकट चहाच्या रंगाचं.

“कांता, हे काय?”

“कलशात घालायचं पिंपळाचं पान नागपूरहून आणलं होतं ना, त्याचा चुरा झाला,” हातातला रिकामा पेला खाली ठेवत कांताबाई समाधानानं म्हणाल्या. “म्हटलं, तुमचं झाड कायम हिरवं असतं, तेच घालू. पण तुम्ही काय काय फवारता कुणास ठाऊक, पोटुशी बाई पिणार, म्हणून कालच उकळतं पाणी ओतून रात्रभर झाकून ठेवलं. जंतूबिंतू असतील ते मरतील.”

ओंजळीतलं पाणी गालिच्यावर सांडलं. नुसती पानं बुडवली असती तर गोष्ट वेगळी होती, इथे तर बाईनं काढा केला होता, आणि तो केला होता काळजीपोटी. सून समोर बसून ओठ पुसत होती. आणि त्याच क्षणी, लाज वाटावी अशी गोष्ट, बबनरावांना बाळाआधी स्वतःचीच आठवण झाली. डोरीनबाई, कुंपण, बकरी. आता हे सगळं सांगावं लागणार.

“पिऊ नका,” ते शेवटी म्हणाले. “कुणी पिऊ नका. ही पानं विषारी असतात.”

“What?” राकेश उठून उभा राहिला. “बाबा, कोणता पान? काय म्हणताय?”

“अझेलियाची. मी... आत्ताच वाचलं. फोनवर.”

फोन त्यांच्या खिशात होता आणि खिशाचं बटण लावलेलं होतं. पण ते बघायला कुणाला वेळ होता? खोलीत एकच गलका उडाला. कुणी बेसिनकडे धावलं, कुणी घशात बोटं घातली. धम्मशीला मात्र जागची हलली नाही. तिनं दोन्ही हात पोटाखाली धरले आणि ती राकेशकडे बघत राहिली. तिच्या तोंडून फक्त एवढंच आलं, “नाही. परत नाही. राकेश, परत नाही.”

राजश्रीताईंनी सूत्रं हाती घेतली. सरकारी आरोग्यसेवेच्या एकशे अकरा नंबरला फोन लावला, झाडाचं नाव सांगितलं, किती प्यायलं ते सांगितलं. पलीकडून प्रश्न आले, उत्तरं गेली. बाकीच्यांनी घरी स्वस्थ राहावं, चक्कर किंवा उलटी वाटली तर लगेच यावं. गरोदर बाईला मात्र आत्ताच न्यावं. राकेशनं किल्ली उचलली.

“Thank God तुम्ही चेक केलं, बाबा,” जाता जाता त्यानं बापाचा खांदा दाबला. “Really. नाहीतर आपल्याला कळलंच नसतं.”

तो हात काढला तरी बबनरावांना तो खांद्यावर बराच वेळ जड लागत होता.

पाहुणे पांगले. राजश्रीताई थांबल्या. बबनराव दिवाणखान्यात येरझारा घालू लागले. दर वळणाला फोन बघायचे. देवाला मानणारा माणूस निदान नवस तरी बोलला असता, यांच्याकडे तीही सोय नव्हती. बाळाचे ठोके बंद पडलेत, असं राकेश सांगतोय, असं त्यांना चालता चालता ऐकूसुद्धा यायला लागलं. मेल्यावर बकरी कशी दिसली असेल, हे त्यांना आजवर कधी सुचलं नव्हतं. आता दुसरं काही सुचत नव्हतं.

कांताबाई स्वयंपाकघरात होत्या. भांडी घासल्याचा आवाज येत होता, मग तो थांबला. बबनराव आत गेले तर त्या खुर्चीवर बसलेल्या, पदर तोंडाशी धरून. सिंकमध्ये त्यांना उलटी झाली होती आणि त्यांनी ती धुऊन टाकली होती.

“कांता?”

“काही नाही हो. धास्तीनं होतं. तिकडचा फोन आला का?”

“कलश कुठाय?”

“धुतला.”

“आणि उरलेलं पाणी?”

परित्राणाचं पाणी मोरीत ओतत नाहीत, हे बबनरावांना न मानताही चांगलं माहीत होतं.

“गलका व्हायच्या आधीच प्यायले,” त्या हळूच म्हणाल्या. “तुम्हाला देऊन झालं आणि मी तिथेच पेल्यात ओतून घेतलं. तळाशी पेलाभर होतं. बाळासाठी मंत्रलेलं पाणी, टाकून कसं द्यायचं? तुम्ही ओरडलात तेव्हा पेला रिकामा झाला होता.”

“मग बोलली का नाहीस?”

“तिचं कळू दे आधी. माझं काय?”

राजश्रीताई धावत आल्या. त्यांनी मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग दुसरं मनगट धरलं.

“कांताताई, बीपीची गोळी कोणती घेता? ठोके कमी करणारी?” उत्तराची वाट न बघता त्यांनी बबनरावांना सांगितलं, “बबनभाऊ, अँब्युलन्स बोलवा, नाईन नाईन नाईन लावा. आत्ता.”

बबनरावांच्या बोटांना आकडे सापडेनात. नऊचा आकडा एकच, तोही चुकत होता. कांताबाई खुर्चीवरून हळूहळू एका बाजूला कलत होत्या. ओठ राखेसारखे पांढरे, कपाळावर घाम. राजश्रीताईंनी त्यांना जमिनीवर आडवं केलं, पाय उशीवर ठेवले. बबनराव त्यांच्या डोक्याशी बसले आणि “कांता, कांता” म्हणत राहिले. इतकी वर्षं संसार केला, पण ही बाई आपल्याआधी जाईल असा विचार त्यांनी कधी केला नव्हता. सुनेकडे बघत होतो, बाळाचा विचार करत होतो, पण ढीगभर भांडी घासणाऱ्या हिच्याकडे कुणी पाहिलंच नाही, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना हुंदका फुटला. त्यांना वाटलं, आता सांगावं. आता नाही सांगितलं तर ही न ऐकताच जाईल. पण कांताबाईंचे डोळे मिटले होते आणि राजश्रीताई समोर होत्या, आणि सायरनचा आवाज गल्लीत शिरला.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी कांताबाईंना शिरेतून औषध दिलं. मॉनिटरच्या पडद्यावर हिरवी रेघ सावकाश उड्या मारत होती. दोन उड्यांमध्ये केवढं तरी अंतर. ही पुढची उडी येणारच नाही, असं बबनरावांना वाटायचं. मग ती यायची. तरुण डॉक्टरणीनं येऊन सांगितलं, अशा रुग्णाला बहुतेक दिवसभरात बरं वाटतं, पण बीपीच्या गोळीमुळे जपावं लागेल, आज इथेच राहू द्या. बहुतेक हा शब्द बबनरावांच्या डोक्यात खिळ्यासारखा ठोकला गेला. दिवस कलेकलेपर्यंत ते त्या रेघेवरून नजर काढायला धजले नाहीत.

संध्याकाळी रेघ जरा लगबगीनं चालायला लागली. कांताबाईंच्या गालांवर रंग आला. त्याच सुमाराला राकेश आणि धम्मशीला पडदा सारून आत आले.

“बेबी ठीक आहे, आई,” राकेश म्हणाला. “हार्टबीट perfect. त्यांनी तासभर मशीन लावून ठेवली होती. She’s kicking like mad.”

धम्मशीला वाकून सासूच्या कपाळाला हात लावायला गेली, तशा कांताबाई मागे सरकल्या. उशीला पाठ लागली, मागे जागा नव्हती, तरी सरकल्या.

“नको. मला शिवू नको, पोरी.”

“आई, असं काय?”

“माझ्या हातानं गेलं असतं ते. मी पाजलं तुला. पहिली ओंजळ तुझी.” कांताबाईंना रडू आवरेना. “लोक आज्या होतात, बाळाला न्हाऊ-माखू घालतात. मी काढा केला. मी आज इथे पडल्या पडल्या ठरवलंय, बाळ झालं तरी मी त्याला हात लावणार नाही. लांबून बघेन. माझा आता माझ्या हातांवर भरवसा नाही.”

“तुला माहीत नव्हतं, आई,” राकेश म्हणाला. “It was a mistake. कुणालाच माहीत नव्हतं. बाबांनी चेक केलं म्हणून...”

बबनराव पायथ्याशी उभे होते. त्यांना त्या क्षणी पळून जावंसं वाटलं, अगदी खरंखुरं, लिफ्टपर्यंतचा रस्ता डोळ्यासमोर आला. गप्प बसणं किती सोपं होतं! कांताबाई चार दिवस रडतील, मग लोक समजूत घालतील, मग बाळ येईल आणि सगळं विसरतील. पण ही बाई विसरणारी नव्हती. ही म्हणाली हात लावणार नाही, म्हणजे लावणार नाही. बाळ रडलं तरी उंबऱ्यात उभी राहील, हात पदरात गुंडाळून, आणि आपण शेजारी उभे राहून ते बघायचं. त्यांनी खाटेचा गज धरला.

“मला माहीत होतं,” ते म्हणाले.

कुणाला नीट कळलं नाही. राकेशनं वळून पाहिलं.

“काय माहीत होतं?”

“झाड विषारी आहे ते. फोनवर काही वाचलं नाही मी. डोरीनबाईंनी सांगितलं होतं, तीन वर्षांपूर्वी. डहाळ्याही मीच कापून दिल्या. मला वाटलं, फुलदाणीत ठेवायला हव्यात.”

पडद्यामागे कुणीतरी खोकलं. राकेशचा चेहरा आधी कोरा झाला, मग त्याच्यावर जे आलं ते बबनरावांनी मुलाच्या चेहऱ्यावर याआधी कधी पाहिलं नव्हतं. धम्मशीला एक पाऊल मागे सरली आणि तिचे हात आपोआप पोटावर गेले.

“तीन वर्षं,” कांताबाई म्हणाल्या. त्यांचं रडू थांबलं होतं. “मला का नाही सांगितलंत?”

खोटं बोलायला आता जागा उरली नव्हती.

“तू उपटायला लावली असतीस.”

त्यांच्या स्वतःच्याच कानांना ते उत्तर इतकं क्षुल्लक लागलं की त्यांना मान वर करवेना. हिरवी रेघ उड्या मारत राहिली. एका पारड्यात पोटातला जीव आणि दुसऱ्यात यांनी झाडांच्या कुंड्या घातल्या होत्या, आणि हे आता खोलीतल्या प्रत्येकाला माहीत झालं होतं.

कांताबाईंनी पदरानं डोळे पुसले. मग सुईचा हात सांभाळत दुसरा हात पुढे केला, नवऱ्याकडे नाही, सुनेकडे. धम्मशीला जवळ आली. कांताबाईंनी तळवा तिच्या पोटावर ठेवला आणि तसाच ठेवला. आतून लाथ बसली असावी, कारण त्यांचे ओठ थरथरले.

“सांगितलंत ते बरं केलंत,” त्या म्हणाल्या. बबनरावांकडे त्यांनी पाहिलं नाही. “मी घेईन बाळाला. अंघोळ घालीन, झोपवीन, सगळं करीन.”

“हो, कांता.”

“तुम्ही घ्यायचं नाही. मी म्हणेन तेव्हाच.”

बबनराव गज धरून उभे राहिले, बरं म्हणाले, आणि केव्हा म्हणशील हे विचारायची त्यांची छाती झाली नाही.